नुसतं खेळायचे पैसे? प्ले थेरपीत नेमकं काय चालतं ते

माझी लेक साडेपाच वर्षांची असताना आम्ही तिला प्ले थेरपीला, म्हणजे खेळातून मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या एका ताईंकडे, न्यायला लागलो. पहिल्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय केलं गं तिथं?" मी म्हटलं, खेळली. "नुसतं खेळली? आणि त्याचे पैसे घेतात?" त्यांनी टोचून वगैरे विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं आणि तेव्हा मलाही धड सांगता आलं नाही. नंतर आठ महिने दर गुरुवारी मी त्या खोलीच्या बाहेर खुर्चीवर बसले, ताईंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, मिळेल ते वाचलं, आणि आता बऱ्यापैकी सांगता येईल असं वाटतंय म्हणून लिहितेय, कारण ओळखीतल्या निदान चार आयांनी मला अगदी हाच प्रश्न विचारलाय.

आधी आमच्याकडे काय झालं होतं ते सांगते. धाकटा सातव्या महिन्यातच झाला, पाच आठवडे काचेच्या पेटीत होता, मी हॉस्पिटलमध्ये, नवरा ऑफिस आणि हॉस्पिटल अशा चकरा मारतोय, आणि लेक माझ्या आईकडे साताऱ्याला. एकदाही रडली नाही. फोनवर विचारायची, बाळ मोठं झालं का, बस. सगळे म्हणायचे किती शहाणी पोर आहे. मग बाळ घरी आलं, ती घरी आली आणि महिनाभरात तिचं पोट दुखायला लागलं. शाळेच्या रिक्षाची वेळ झाली की पोट धरून खाली बसायची. जंतांचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. रात्रीचं अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे तीन वर्षांची असतानाच बंद झालेलं होतं. शेवटी आमच्या मुलांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की पोटात काही नाहीये, हिच्याशी कोणीतरी बोलायला हवं, म्हणजे बोलायला म्हणजे खेळायला.

आता तिला आम्ही विचारलं नव्हतं का, तर शंभर वेळा विचारलं होतं. काय होतंय बाळा, कोणी काही बोललं का, शाळेत कोणी मारतं का. उत्तर एकच, पोट दुखतंय. आणि ती खोटं बोलत नव्हती हे मला फार उशिरा कळलं. "तुम्ही मला कायमचं आजीकडे ठेवणार असं मला वाटलं, त्या बाळाचा मला राग येतो, पण ते आजारी आहे त्यामुळे राग आला की मला माझंच वाईट वाटतं", हे वाक्य चाळीस वर्षांच्या माणसाला तरी सरळ बोलता येईल का सांगा. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं, त्याचं म्हणणं साधारण असं की ११-१२ वर्षांपर्यंत मुलं डोळ्यासमोर असलेल्या, हातात धरता येणाऱ्या गोष्टींच्या आधाराने विचार करतात, नुसत्या हवेतल्या कल्पना त्यांना नीट पेलत नाहीत. आणि मत्सर, अपराधीपणा, आपल्याला सोडून देतील ही भीती, या सगळ्या हवेतल्याच गोष्टी ना. म्हणून मग ते पोटातून बाहेर येतं, अंथरुणातून येतं, वर्गात कुणाला तरी चावण्यातून येतं.

किंवा मग खेळातून. गॅरी लँड्रेथ म्हणून अमेरिकेतले या क्षेत्रातले एक मोठे शिक्षक आहेत, ते म्हणतात खेळणी हे मुलांचे शब्द आणि खेळ ही त्यांची भाषा. आपल्याकडे ज्यांनी भातुकली मांडलेली मुलं लांबून बघितलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहुलीला दटावताना पोरीच्या तोंडून आपलाच आवाज येतो, आपलंच "किती वेळा सांगितलं तुला" येतं, आणि घरात आदल्या रात्री काय भांडण झालं ते चुलीशी बसलेल्या त्या दोन बाहुल्या सगळं सांगून टाकतात.

यातलं बरंच जुनं आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचं आहे. त्याने १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल लिहून ठेवलं. पोरगं अगदी गुणी, आई तासन् तास बाहेर गेली तरी रडायचं नाही. पण त्याचा एक खेळ होता, दोरा बांधलेलं लाकडी रीळ घ्यायचं, पडदा लावलेल्या आपल्या पाळण्याच्या कडेवरून आत टाकायचं आणि ते दिसेनासं झालं की ओ-ओ-ओ असा लांब आवाज काढायचा, त्याचा अर्थ "गेलं" असा त्याच्या आईने आणि फ्रॉइडनेही लावला. मग दोरा ओढून रीळ बाहेर काढायचं आणि खूश होऊन म्हणायचं "आलं". परत टाकायचं, परत ओढायचं. फ्रॉइडला त्यातून असं दिसलं की आई जाते तेव्हा पोराच्या हातात काहीच नसतं, पण खेळात घालवणारा तोच आणि आणणाराही तोच. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले, कारण "गुणी, रडायचं नाही" हे आमच्याकडेही सगळे म्हणत होते.

तर मुलं स्वतःहून असं खेळतातच, मग थेरपीची काय गरज? ते पुढे सांगते, पण आधी हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात. १९२० च्या दशकात मेलनी क्लाइन नावाची मनोविश्लेषक बर्लिनमध्ये लहान मुलांशी छोट्या छोट्या खेळण्यांमधून काम करायला लागली, तिच्याकडे प्रत्येक मुलाचा वेगळा ड्रॉवर असायचा, त्याची खेळणी त्यातच राहायची. फ्रॉइडची मुलगी ॲना हिचं तिच्याशी अजिबात पटत नव्हतं, मुलाच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावून त्याला सांगायचा का यावरून. मार्गारेट लोवेनफेल्डने १९२८ मध्ये लंडनला मुलांसाठी क्लिनिक काढलं आणि तिथल्या वाळूच्या ट्रेमध्ये मुलं आपापली छोटी जगं मांडायला लागली, आज प्ले थेरपीच्या खोलीत जी वाळूची पेटी असते तिचं मूळ तिथलं. आणि मग अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या विचारातून आलेली. तिने १९४७ च्या आपल्या पुस्तकात आठ तत्त्वं मांडली, ज्यांचा गाभा असा की मूल पुढे चालेल, थेरपिस्ट मागे राहील, घाई करणार नाही आणि त्याला आहे तसं स्वीकारेल. आमच्या ताई याच वळणाच्या होत्या, त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः या पद्धतीबद्दल आहे. दुसऱ्या पद्धतींमध्ये थेरपिस्ट स्वतः खेळ ठरवतात, गोष्ट रचतात, भीतीवर एक एक पायरी चढायचे खेळ घेतात, त्याही असतात आणि काही मुलांना त्याच जास्त लागू पडतात.

खोली कशी असते? मला वाटलं होतं खूप महागडी खेळणी असतील. पण नाही. बुटक्या रॅकवर मांडलेलं सगळं: बाहुलीघर, त्यात आई-बाबा-आजी-बाळ अशी माणसं, भांडीकुंडी, छोटा कुकर, डॉक्टरचा सेट, रिक्षा, ॲम्ब्युलन्स, दुधाची बाटली, खोटा फोन, गायी-शेळ्या, वाघ, मगर, प्लास्टिकची तलवार, हातात घालायचे बाहुले, रंग, क्ले, आणि कोपऱ्यात वाळूची पेटी. हे उगाच जमवलेलं नसतं. काही खेळणी रोजच्या आयुष्यातली, काही राग बाहेर काढायला, काही नवीन काहीतरी घडवायला, असा हिशोब असतो त्यामागे. बॅटरीवर चालणारं, गाणी म्हणणारं एकही खेळणं नव्हतं, मी विचारलं तर ताई म्हणाल्या, खेळणंच सगळं करायला लागलं तर मुलाने काय करायचं?

पहिलं वाक्य त्या प्रत्येक मुलाला जवळपास सारखंच सांगतात: "इथे तुला बऱ्याच गोष्टी तुला हव्या तशा खेळता येतील." बऱ्याच, सगळ्या नाही. कारण मर्यादा आहेत, फक्त त्या आधीच वाचून दाखवत नाहीत, वेळ आली की सांगतात.

आणि मग ताई काय करतात तर वरवर बघितलं तर काहीच करत नाहीत, हेच समजायला सगळ्यात अवघड आहे. शिकवत नाहीत, सुचवत नाहीत, "हे काय काढलंस" असं विचारत नाहीत, शाबासकीसुद्धा देत नाहीत. दर महिन्याला आम्हा दोघांना बोलवून एक मीटिंग व्हायची, त्यात मूल काय काय बोललं हे सगळं सांगत नाहीत, साधारण कशाभोवती खेळ फिरतोय तेवढं सांगतात, पण एक प्रसंग ताईंनी आम्हाला सविस्तर सांगितला आणि मला सगळी थेरपी त्यातून कळली.

लेकीने ओल्या वाळूची खिचडी केली, छोट्या कुकरमध्ये भरली, झाकण दाबून लावलं आणि पाय उंच करून कुकर सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. खाली बाळाची बाहुली. म्हणाली, "बाळाला भूक लागलीय." मी असते तर लगेच म्हटलं असतं, मग दे की गं त्याला. ताई म्हणाल्या, "बाळाला भूक लागलीय आणि खिचडी वर ठेवलीय." लेक म्हणाली, "झाकण उघडायचं नाही." ताई म्हणाल्या, "उघडायचं नाही, असं तू ठरवलंयस." लेक बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे ही ओरडणार का, हे बघत असणार. त्या ओरडल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी परत तेच, खिचडी, झाकण, वरची फळी. असे पाच गुरुवार गेले. सहाव्या वेळी तिने ताईंनाच बाळ केलं, "तू रड." ताईंनी हळूच कुजबुजत विचारलं, "किती मोठ्यांदा रडू?" "खूप मोठ्यांदा. तरी नाही मिळणार." आणि स्वतः कुकर उघडून मांडीवर घेऊन एकटीने सगळी खिचडी खाल्ली.

हे ऐकताना नवरा माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

ते कुजबुजत विचारणं मला फार आवडलं. मोठ्या आवाजात ताई बाळ होत्या आणि कुजबुजताना लेकीच्या हाताखालच्या नटी, दिग्दर्शक लेकच. तिचा खेळ तिच्याच हातात राहिला.

मर्यादांचं उदाहरण पण ऐका. एकदा तिने मूठभर वाळू ताईंच्या तोंडावर फेकली. ताई म्हणाल्या, "तुला माझा खूप राग आलाय. पण वाळू माझ्या अंगावर टाकायची नाही. मगरीवर टाकता येईल." आधी भावना ओळखून सांगायची, मग मर्यादा, मग दुसरा रस्ता, याच क्रमाने. रागाला परवानगी आहे, वाळू फेकायला नाही, या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणं आपण घरात विसरतो, आपण थेट म्हणतो "रागवायचं नाही, वाईट मुलं रागावतात".

बरं, याने बरं का वाटतं? मला समजलं ते असं. एक तर अंतर मिळतं, राग तिला येत नाहीये, त्या कुकरवालीला येतोय, त्यामुळे तो बाहेर काढायला सुरक्षित. दुसरं म्हणजे मात्रा तिच्या हातात, जेवढं झेपेल तेवढंच झाकण उघडायचं, नको वाटलं की उठून चित्र काढायचं, कोणी मागे लागत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर एक मोठं माणूस आहे जे हे सगळं बघतंय आणि न घाबरता, न रागवता तिथंच बसून आहे. मुलाला आपल्या आतल्या ज्या गोष्टीची लाज वाटत असते ती कोणीतरी बघितली आणि काही आभाळ कोसळलं नाही, हा अनुभव कितीही समजावून सांगितला तरी शब्दांनी देता येत नाही.

मघाचा प्रश्न इथे येतो, की मुलं एकटी खेळतातच तर तेवढं पुरत नाही का. पुष्कळदा पुरतं. बहुतेक मुलांना थेरपी लागतच नाही, वेळ, जागा, चार सवंगडी आणि मोबाइल सोडून बाजूला बसलेलं माणूस मिळालं की पोरं आपलं आपण निस्तरतात. पण खूप मोठा धक्का असला तर खेळही अडकतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात २६ मुलांना त्यांच्या बस ड्रायव्हरसकट पळवून जमिनीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. सगळी जिवंत सुटली. लेनोर टेर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नंतर त्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की त्यातली काही मुलं तोच प्रसंग परत परत खेळत होती, पण त्यात मजा नव्हती आणि खेळून झाल्यावर मोकळंही वाटत नव्हतं, गोष्ट पुढेच सरकत नव्हती. अशा वेळी तिथे शिकलेलं माणूस लागतं, जे त्या अडकलेल्या खेळाला पुढे जायला आधार देईल. माझ्या लेकीचा प्रसंग त्यामानाने किती साधा, तरी पाच गुरुवार ती एका झाकणापाशी थांबली होती.

आता याचा खरंच उपयोग होतो का, याला पुरावा काय. २००५ साली ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ९३ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, त्यात परिणामाचा आकडा ०.८० आला. सोप्या भाषेत, थेरपी घेतलेल्या गटातलं सरासरी मूल थेरपी न घेतलेल्या गटातल्या साधारण ७९ टक्के मुलांपेक्षा बऱ्या स्थितीत होतं. नंतर २०१५ मध्ये फक्त मुलाच्या मागून जाणाऱ्या पद्धतीचे ५२ अभ्यास बघितले तेव्हा आकडा ०.४७, म्हणजे मध्यम. आणि हेही सांगायला हवं की यातले बरेच अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत, आणि कित्येकांत तुलना "अजून नंबर लागला नाही" अशा मुलांशी आहे. त्यामुळे जादू म्हणून कोणी विकत असेल तर सावध राहा. ऑटिझम असेल तर स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी हे सगळं लागतंच, बोलण्यात उशीर असेल तर आधी ऐकू येतं का हे तपासायचं, खेळाने ते सुटणार नाही.

पण त्या २००५ च्या हिशोबातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आईवडिलांना शिकवून त्यांनीच मुलाबरोबर असं खेळायचं, या प्रकारात परिणाम सगळ्यात जास्त दिसला, आकडा १.१५. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या गर्नी पती-पत्नींनी मांडली. आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेली वेळ, ठरलेला खेळण्यांचा वेगळा डबा जो एरवी निघत नाही, फोन दुसऱ्या खोलीत. आणि त्या अर्ध्या तासात मूल म्हणेल तसं.

करून बघा, फार अवघड आहे. पहिल्या दिवशी मी अर्ध्या तासात किती प्रश्न विचारले असतील, हे काय आहे, कुठला रंग आहे, अगं घराला दार नको का. प्रश्न विचारला की मूल उत्तर द्यायला खेळातून बाहेर येतं. त्याऐवजी जे दिसतंय ते बोलायचं, "तू सगळं घर काळं रंगवलंस" बस. "छान" पण नको, कारण एकदा छान म्हटलं की पुढच्या वेळी आपल्याला छान वाटेल तेच काढणार. आमच्याकडे हे सगळ्यात चांगलं कोणाला जमलं तर सासूबाईंना. मी धाकट्याला झोपवत असले की त्या बसायच्या, गुडघे दुखतात म्हणून पाटावर, आणि लेक जे सांगेल त्याला "बरं" म्हणायच्या. दगडाची भाजी दिली तर तोंड हलवून खायच्या, तिखट झालीय असं लेक म्हणाली तर पाणी मागायच्या. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. सेशनहून आल्यावर "आज काय केलं" असं खोदायचं नाही. आणि खेळात जे आलं ते भांडणात वापरायचं नाही, "तूच बाळाला उपाशी ठेवलंस ना" असं एकदा जरी तोंडून गेलं तरी ते दार बंद.

थेरपिस्ट शोधताना जरा डोळे उघडे ठेवा, कारण आपल्या देशात प्ले थेरपिस्ट म्हणवून घ्यायला वेगळा परवाना लागत नाही, दोन दिवसांचं वर्कशॉप करून बोर्ड लावणारेही आहेत. मूळ शिक्षण कशात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडे नोंदणी आहे का, खेळाच्या पद्धतीचं प्रशिक्षण किती, स्वतः कुणा अनुभवी माणसाकडून सल्ला घेतात का, पालकांशी नियमित बोलतात का, हे सगळं बिनधास्त विचारा, चांगली माणसं रागावत नाहीत. "दहा सेशनमध्ये गॅरंटी" म्हणाले तर उठून या. खर्च झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करा, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर असतं तिथे विचारा, आणि आधी नुसतं कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणखी एक, मुलाचं बोलणं खोलीतच राहतं हे खरं, पण लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं थेरपिस्टला बंधनकारक आहे, आणि ते तसंच असायला हवं.

आमचं काय झालं तर अंथरूण ओलं होणं तीनेक महिन्यांत थांबलं. पोटदुखी हळूहळू कमी झाली, पूर्ण गेली असं म्हणणार नाही, शाळेत नवीन बाई आल्या की अजून एखाद दिवस दुखतं. बाळाला एकदा तिने जोरात चिमटा काढला आणि मी ताईंना घाबरून फोन केला, तर त्या म्हणाल्या, आता तुमच्यासमोर काढतेय ना, बरंय, थांबवा तिला, पण रागाला नाव द्या. मी दिलं. रडली, खूप रडली, जे साताऱ्याला रडली नव्हती तेही बहुतेक त्यातच आलं.

थेरपी एकदम बंद करत नाहीत, ज्या मुलाला आपल्याला सोडून देतील ही भीती आहे त्याच्यासाठी तर अजिबात नाही. ताईंनी चार आठवडे आधी सांगितलं, चार खडे रॅकवर ठेवले, दर गुरुवारी लेकीने स्वतः एक उचलायचा. शेवटच्या दिवशी तिने वाळूतली सगळी भांडी काढून खोटं खोटं घासली, पालथी घातली, आणि दारातून परत मागे जाऊन ताईंना बजावलं की त्या कुकरचं झाकण सैल झालंय, पुढच्याला सांगून ठेवा.